एका डोळ्याचं वर्ष

2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला आला. म्हणजे रविवारी गुढी उभारायची, तोंड वाकडं करत कडुनिंबाचं पान चावायचं, श्रीखंड चापायचं, नव्या शकाचे संकल्प सोडायचे आणि सोमवारी, 31 मार्चला, गेल्या वर्षाच्या पावत्या शोधत कपाट उपसायचं. नवं वर्ष लागलेलं आणि जुनं अजून संपायचं बाकी. संकल्प करणारा आणि कर भरणारा असे दोन इसम एकाच लुंगीत बसले होते. संकल्प करणाऱ्याने व्यायामाचं ठरवलं आणि कर भरणाऱ्याने त्याला पावत्यांसाठी माळ्यावर चढवलं. तेवढाच काय तो व्यायाम झाला.

त्या दिवसापासून मला वर्षअखेरी गोळा करायचा नाद लागला. मी राहतो त्या वसईजवळच्या नायगावात त्यांना तोटा नाही. पूर्वेला मिठागरवाल्यांचं वर्ष पहिल्या मोठ्या पावसाला संपतं. कोळीवाड्यातल्या होड्या 1 जूनला किनाऱ्याला लागतात आणि 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. त्यांचं नवं साल ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. आमच्या इमारतीखालचा किराणावाला दिवाळीच्या पाडव्याला वही बदलतो आणि जुन्या वहीतली आमची उधारी नव्या वहीत आणतो, तेव्हाच तेवढं त्याचं अक्षर सुरेख येतं. गृहनिर्माण सोसायटीचं वर्ष मार्चअखेर संपत असलं तरी वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे मार्चमधलं भांडण सहा महिने चांगलं मुरतं. पश्चिमेला माझा एक जुना ख्रिस्ती मित्र राहतो. तो म्हणाला, आमच्या देवळाचं वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, यंदा 30 नोव्हेंबरला. म्हणजे डिसेंबर उजाडायच्या आत हा गृहस्थ नव्या वर्षात जाऊन बसलेला.

सगळ्यात सोयीची वर्षं मात्र मालिकांच्या सेटवर. नायगाव पूर्वेला आत आत गेलं की हिंदी मालिकांच्या हवेल्या लागतात. पुढून संगमरवर, मागून प्लायवूड आणि बांबू. तिथे नायिका बाळंत झाली की जाहिरात लागते आणि जाहिरात संपते तेव्हा बाळ लग्नाचं झालेलं असतं. याला ते 'लीप' म्हणतात. मधल्या वीस वर्षांत कुणाला गुडघेदुखी नाही, कुणी टँकरची वाट पाहिलेली नाही, आणि सासूबाईंचा एकही केस नव्याने पिकलेला नाही.

इतक्या वर्षअखेरी हाताशी असल्या की गेलेल्या वर्षाचा हिशेब सोयीने मांडता येतो. मार्चला मांडला तर मी नापास, दिवाळीला मांडला तर कलावंत, आणि जुलैत मांडला असता तर नुसता रुग्ण. मी तिन्ही मांडून पाहिले.

माझी रोजनिशी म्हणजे स्वयंपाकघरात टांगलेलं 'कालनिर्णय'. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली ते काढलं तेव्हा महाराष्ट्रातली सगळी गृहकृत्यं त्या चौकोनांत नांदायला येतील असं त्यांना वाटलं होतं का, कोण जाणे. आमच्याकडे त्यातलं अक्षर हिचं. 'दू. नाही', 'गॅस लावला', 'टँकर', 'टँकर आला नाही', 'ताई येणार', 'ताई गेली'. माझी नोंद मे महिन्यापर्यंत कुठेच नाही. मग एका चौकोनात 'यांचे डोळे' असं आहे, आणि तिथून पुढे माझं वर्ष चालू होतं.

झालं होतं असं, की रात्री नायगाव स्टेशनात शिरणाऱ्या लोकलच्या दिव्याभोवती मला प्रभावळ दिसायला लागली. पहिल्यांदा मी ते कुणाला बोललो नाही. विरार गाडीला प्रभावळ दिसणं हे तसं योग्यच आहे. तिने आमच्या तीन पिढ्या पोसल्यात. पण पुढे रिक्षांना, मग चंडिकेच्या डोंगरावरच्या दिव्यांना आणि शेवटी आमच्या सेक्रेटरींच्या स्कूटरलाही प्रभावळ दिसू लागली, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मान्य करावं लागलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त, डावा 'थांबू शकेल'.

मोतीबिंदूवर सल्ला द्यायचा अधिकार आपल्याकडे सर्वांना आहे. शेजारचे म्हणाले, थंडीत करा. भाजीवालीने सांगितलं, पिकू द्या पुरता. मेहुण्याने फोनवर बजावलं, पावसात डोळ्याला हात लावू देऊ नका, चिघळतो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आंबा आहे का तो, पिकायला? दोन-तीन मिलिमीटरची चीर असते आता. आतलं भिंग ध्वनिलहरींनी फोडायचं, ओढून घ्यायचं आणि त्याच चिरेतून घडी घातलेलं नवं भिंग आत सरकवायचं. आत गेलं की ते आपलं आपण उलगडतं. ऋतू कशाला बघायचा?"

ऋतूही यंदा कुणी बघण्यासारखा राहिला नव्हता. 26 मेलाच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर येण्याचा त्याचा हा विक्रम. त्याआधीही मे महिनाभर तो अधूनमधून हजेरी लावून जात होताच. लोकांना गार वाटलं, फोटो निघाले, भज्यांची तळणं झाली. पण मिठाचं पाणी वर्षभराचं गणित घेऊन उन्हात बसलेलं असतं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, ते एका खणातून दुसऱ्या खणात फिरवत आटवायचं. तीन-साडेतीन अंशांचं पाणी आटत आटत 25 अंशांच्या आसपास आलं की तळाशी स्फटिक धरू लागतो. खारेपणाचे ते अंश मोजायची त्यांची काचेची नळी असते. पाण्यात सोडली की तरंगत उभी राहते. मे महिना म्हणजे या सगळ्याचं पीक कापायचे दिवस. त्यातच वरून गोड पाणी पडलं की नळी खाली बसते. आमच्या घरात त्याच वेळी कुरडया गच्चीतून तिसऱ्यांदा खाली आणल्या जात होत्या. "कुरडयांचं काय घेऊन बसलीस, तिकडे मिठागरं गेली," असं मी म्हणालो. ही म्हणाली, "मिठागरवाल्यांना तुम्ही जाऊन धीर द्या. आधी हे ताट धरा."

तर जुलैत उजवा डोळा झाला. नेमक्या त्याच दिवसांत, 11 जुलैला, शिवरायांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाल्याची बातमी आली. मी डोळ्यावर झाकण लावून ती नुसती ऐकली. वसईकरांना अभिमान वाटलाच, पण वसईचा किल्ला बारांत नाही हे लक्षात आल्यावर थोडं रुसायलाही झालं. तो पोर्तुगीजांनी बांधलेला आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी जिंकलेला, म्हणून त्या यादीत बसत नाही, हे मी फोनवर तिघाचौघांना समजावलं. डोळे बंद असले की माणसाला इतिहास फार स्पष्ट दिसतो.

झाकण निघालं त्या सकाळी मी न्हाणीघरात उभा होतो. समोर भिंतीवर फरशा. त्या आमच्याच होत्या, पण इतक्या पांढऱ्या कधी नव्हत्या. पांढऱ्यात थोडी निळी झाक, नीळ घालून धुतलेल्या धोतराला असायची तशी. मी डावा डोळा मिटला: निळसर पांढरं. उजवा मिटला: पिवळट, जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. बाहेरून हिने दार वाजवलं, "अहो, बरे आहात ना?" मी म्हणालो, "फरशा बघतोय." यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

नंतर डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग अडवतं. हे इतकं हळू होतं की आपल्याला कळत नाही. जग पिवळं झालं तरी आपण त्यालाच पांढरं म्हणत राहतो. एक भिंग बदललं आणि एक तसंच ठेवलं की मग दोन्ही जगं शेजारी शेजारी दिसतात. हे काही माझ्यावरच आलेलं नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचा उजवा डोळा 1923 साली असाच झाला. त्यालाही एका डोळ्याने निळं आणि दुसऱ्याने पिवळं दिसू लागलं, तो भयंकर वैतागला, जुनी चित्रं पुन्हा रंगवायला बसला आणि डाव्या डोळ्याला त्याने अखेरपर्यंत हात लावू दिला नाही. मोनेचं आणि माझं एवढं साम्य निघाल्यावर मला राहवेना. मी हिला म्हणालो, आता मी काहीतरी रंगांचं काम करणार. ती म्हणाली, "गॅलरीची जाळी रंगवायची आहे."

पण नायगावात राहणाऱ्या माणसाला रंगांसाठी जाळीपर्यंत जायची गरज नाही. स्टेशनपासून पूर्वेला थोडं गेलं की जूचंद्र. आगरी वस्तीचं गाव, डोंगरावर चंडिका, आणि घराघरांत रांगोळीवाले. ही दारातली ठिपक्यांची रांगोळी नव्हे. जमिनीवर माणसाचा चेहरा काढतात, आणि तो असा की शेजारी उभं राहिलं तर तो आपल्याकडे बघतोय असं वाटून आपण शर्टाची कॉलर नीट करतो. दिवाळीत तिथे प्रदर्शनं भरतात आणि लांबून लांबून माणसं येतात. लोकलमध्ये मी त्याबद्दल इतकी वर्षं ऐकत होतो, बघूनही आलो होतो. पण शिकायचं कधी मनात आलं नव्हतं. यंदा आलं. ऑपरेशननंतर वाकायची बंदी उठली, थेंब घालायचे चौकोन कालनिर्णयातून संपले आणि मी जूचंद्रमध्ये माझ्या निम्म्याहून कमी वयाच्या गुरूसमोर मांडी घालून बसलो. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. मांडी घालण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत गुरू शेजारच्या पोराला एक अख्खा कान शिकवून मोकळा झाला होता.

या रांगोळीत रेघ नसतेच. सगळी छटा. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत रंग घ्यायचा आणि तो सोडायचा नाही, गळू द्यायचा. जितका दाट हवा तितकी चिमूट खाली, विरळ हवा तितकी वर. हाताच्या उंचीवर सावली ठरते. खालचा थर चाळणीने सारखा पसरलेला असतो आणि त्यावर बोट टेकलं की खड्डा पडतो. तो बुजवला तरी कळतो. पंखा बंद. खिडकी बंद. बोलायचं तर तोंड बाजूला करून. शिंक आली तर उठून बाहेर जायचं. पण उठायला मला जेवढा वेळ लागतो तेवढी कुठलीच शिंक थांबत नाही. म्हणून माझ्या नाकावर कायम रुमाल बांधलेला असे. त्यावर ऑपरेशनचा काळा गॉगल. दाराशी येणारी बाई आत बघून आधी दचके आणि मग विचारी, "कोन हाय ह्यो?"

मला लता मंगेशकर काढायच्या होत्या. गुरूने मला वांगं दिलं.

"काका, पहिल्यांदा वांगं. चेहऱ्यावर चूक झाली तं दिसते. वांग्याला कोन वलखतं?" (त्याचं म्हणणं खरं नव्हतं. आमच्याकडे भाजी निवडणाऱ्या बायका वांग्याचा चेहरा माणसापेक्षा बारकाईने ओळखतात, हे पुढे दिवाळीत सिद्ध झालं.) त्याने समोर ताटलीत एक खरं वांगं ठेवलं. गोल, देठाला काटे, पोटावर खिडकीचा उजेड. मी कामाला लागलो आणि लगेच अडलो. जांभळा रंग हा माझ्या दोन डोळ्यांमधला वादाचा मुद्दा निघाला. उजव्याला तो खराखुरा जांभळा, आत निळं खेळत असलेला. डाव्याला तोच रंग तपकिरीकडे झुकलेला, काहीसा शिळा. मी ज्या बाजूला मान कलती करी त्या बाजूचा डोळा कारभार हातात घेई. उजवीकडून भरलेलं वांगं ताजं आणि डावीकडून भरलेलं परवाचं, असा प्रकार झाला.

गुरूने ते बघितलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. एक पट्टी आणली आणि माझा डावा डोळा बांधला. "आता भरा. हात ढिला सोरा." एक डोळा बांधल्यावर खोलीचा अंदाज जातो. चिमूट जमिनीपासून किती वर आहे ते कळेना. मग तो शेजारी बसून नुसतं सांगत राहिला, "खाली. आनखी खाली. बस. सोरा." विमान उतरवतात तसं माझं वांगं उतरलं. पोटावरचा तो उजेडाचा ठिपका मात्र मी कुणाच्या मदतीशिवाय ठेवला, कारण तो भरायचाच नसतो. तिथे खालची पांढरी तशीच राहू द्यायची आणि भोवती जांभळं आणून थांबायचं. थांबलो. शेजारच्या पोराने कान सोडून माझ्याकडे मान वळवली. त्या क्षणी मला जे वाटलं ते नोकरीत बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं, आणि बढतीही तशी वांग्याएवढीच होती.

ऑगस्टअखेर मध्येच सगळं थांबलं. 26 तारखेच्या रात्री, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे, त्या रात्री विरारला एका इमारतीचा भाग कोसळला आणि 17 माणसं गेली. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे जो तो आपल्या भिंतींकडे बघत होता. जिन्यातल्या ज्या भेगेला आम्ही गेली कित्येक वर्षं 'प्लास्टरची' म्हणत आलो, तिच्यासमोर उभं राहून लोक गप्प होत. सप्टेंबरच्या सभेत इमारत तपासून घ्यायचा ठराव आला. एरवी आमच्या सभेत बादलीच्या खर्चावर मतदान होतं. हा ठराव कुणीही तोंड न उघडता मंजूर झाला आणि सेक्रेटरींनी पुढचा विषय पुकारायला थोडा वेळ घेतला.

दिवाळीत माझं वांगं जूचंद्रच्या प्रदर्शनात नव्हतं, हे सांगायची गरज नाही. तिथे गुरूने एक म्हातारी कोळीण काढली होती. तिच्या कपाळावरच्या आठ्या बघत मी इतका वेळ उभा राहिलो की मागच्या रांगेने मला हलवलं. माझं प्रदर्शन आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, लिफ्टसमोर. वॉचमनने भोवती चार खुर्च्या मांडून बंदोबस्त केला होता. लिफ्टचं दार उघडलं की वारा येई, म्हणून दोन दिवस सगळी इमारत जिना चढली. कलेसाठी समाजाने केलेला इतका मोठा त्याग अलीकडे माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बियांचं दिसतंय." दुसऱ्या म्हणाल्या, "नाही हो, भरल्या वांग्याचं आहे. पण देठ शिळं." देठ मी पट्टी बांधायच्या आधीच्या पद्धतीने भरलं होतं.

अभिनंदन मात्र खूप झालं. या वयात, एका डोळ्याने, वगैरे. मी ते घेत असताना ही लिफ्टच्या कडेने, हातात रांगोळीचा डबा घेऊन उभी होती. तिच्या हातात तो डबा लग्न झाल्यापासून मी बघतोय. रोज सकाळी दाराशी एक रांगोळी निघते, दुपारपर्यंत दूधवाला, पेपरवाला आणि मी ती तुडवतो, आणि दुसऱ्या सकाळी नवी निघते. एकसारखी दोनदा निघाल्याचं मला आठवत नाही. तिचं कधी कुणी अभिनंदन केलेलं मी ऐकलेलं नाही. तिचे ठिपके मोजून नसतात. हात पुढे जातो आणि ठिपका पडतो, सरळ ओळीत. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिचा हात जमिनीपासून किती उंचीवर असतो ते पाहिलं. नेमका तिथे, जिथे माझा गुरू 'बस' म्हणायचा. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुमचं वांगं आवरून झालं असेल तर सरका. मला लक्ष्मीपूजनाच्या आत दाराशी काढायची आहे."

पुढचं जरा भराभर सांगतो, कारण चांगल्या गोष्टींना सांगायला जागा कमी लागते. 2 नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी. मी सामना डावा डोळा मिटून पाहिला, कारण निळी जर्सी निळी दिसायला हवी होती. त्यांचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. 1988 साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी 664 धावांची भागी करत होते तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा मुलगा पॅड बांधून बसला होता. त्या दिवशी त्याची पाळी आली नाही. पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा काढूनही भारताकडून खेळायची पाळी आली नाही. ती शेवटी अशी आली. मध्यरात्र उलटून गेली तरी आमच्या इमारतीत फटाके वाजत होते. एरवी यावर तक्रार करणारे गृहस्थ वात लावत होते.

दुसरी गोष्ट सुकेळी. वसईकडची राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून मधासारखी होतात ती. पश्चिमेच्या मित्राने कागदात गुंडाळून आणून दिली. करणारी घरं आता हाताच्या बोटांवर, कारण या कामाला कडक ऊन आणि रिकामी माणसं दोन्ही लागतात. मी ती एका बैठकीत संपवली आणि साखरेच्या तपासणीची तारीख पुढे ढकलली.

आणि तिसरी, सगळ्यात आवडती. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये, वसईच्या खाडीत, रेल्वेच्या पुलांमधोमध पाणजू नावाचं बेट आहे. अख्खी नोकरी मी ते लोकलच्या दारातून पाहिलं. झाडं, थोडी घरं, एखादी होडी, आणि लगेच पुन्हा पाणी. पाय ठेवला तो यंदा, निवृत्तीनंतर. नायगावच्या धक्क्यावरून होडी जाते. होडीवाल्याला मी विचारलं, भरती किती वाजता? तो म्हणाला, "तिथी काय आज?" मी म्हणालो, "दशमी." "मग साडेसात." हे कसं काय? तर तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. सकाळी तीच वेळ, संध्याकाळी तीच. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर इतकी वर्षं खाडी टांगलेली होती आणि आम्ही त्यात दुधाचे खाडे लिहीत होतो! घरी येऊन मी हिला संकष्टीची भरती सांगितली. हल्ली ती मला एकादशीला मुद्दाम विचारते. अकराची पाऊणपट तोंडी करायला मला वेळ लागतो हे तिने हेरलंय.

पाणजूच्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र आवडती नाही. होडी नसली की माणसं पुलाच्या कडेने चालत जातात, आणि लोकलमधून खाडीत निर्माल्य भिरकावणाऱ्यांना ती दिसत नाहीत. यंदा अशा भिरकावलेल्या नारळाने तिथला एक तरुण गेला. मी दारात उभा राहून वर्षानुवर्षं त्या पिशव्या उडताना पाहिल्यात. टाकणारा आधी डोळे मिटून नमस्कार करतो आणि मग टाकतो. उलट क्रमाने केलं, निदान आधी डोळे उघडून खाली बघितलं, तर चालणार नाही का? खाडीला हात जोडायला नारळ लागत नाही.

डिसेंबरमध्ये मिठागरांवर पुन्हा माणसं दिसू लागली. बांध दुरुस्त करणं, तळ पायाने तुडवून घट्ट करणं. मीठ अजून दूर होतं, पण उथळ पाण्यात शेकाटे आले होते, लांब लाल पायांवर, चिखलात कपडे खराब होतील या बेताने पाऊल टाकणारे. मी डावा डोळा मिटून त्यांचे पाय पाहिले आणि उजवा मिटून पाहिले. लाल दोन्हींकडून लाल होता. त्याबाबत तरी एकमत निघालं.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पश्चिमेच्या मित्राचा नातू आणि त्याचे दोन दोस्त घरी आले. त्यांच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचा म्हातारा करतात. गवत भरलेला, पँट-शर्ट घातलेला, खुर्चीत बसवलेला. बाराला त्याला पेटवायचा. मुलं जुने कपडे मागायला आली होती. मी कपाटातून माझा ठेवणीतला पांढरा शर्ट काढून बाजूला ठेवला, तो द्यायचा नाही म्हणून. हिने नेमका तोच उचलला. "हा द्या. पिवळा पडलाय." मी म्हणालो, "पांढरा शुभ्र आहे." "डावा मिटा," ती म्हणाली. मिटला. शर्ट पिवळा होता. गेला.

पँट मिळाली, टोपी मिळाली. मग त्यातल्या सगळ्यात लहानग्याची नजर टेबलावरच्या काळ्या गॉगलवर गेली.

"अंकल, तो पण द्या ना. म्हातारा एक नंबर दिसेल."

"तो नाही रे मिळायचा. जानेवारीत दुसरा डोळा करायचाय."

पोराने क्षणभर विचार केला. "मग पुढच्या वर्षी नक्की हां."

मी 'बघू' म्हणणार, तोवर हिने नवं कालनिर्णय उघडून 31 डिसेंबर 2026 च्या चौकोनात लिहूनही टाकलं: 'गॉगल देणे.'